उलाळ भरलेली बोट

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारपेठेत, आमचं रेडिओ, टेप आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मधोमध एक पडदा होता. पडद्यापुढे माझे यजमान बसायचे. गिऱ्हाइकाशी बोलायचे, सेट ठेवून घ्यायचे, चहा सांगायचे. पडद्यामागे मी बसायचे. दम्याच्या औषधांनी त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा डाग द्यायचं, म्हणजे तारा सोल्डर करायचं, काम माझ्याकडे आलं. मग मीटर लावून बिघाड शोधायचं आलं, आणि शेवटची काही वर्षं तर अख्खा सेट मीच उघडायचे आणि मीच बंद करायचे. गिऱ्हाईक पुढे म्हणायचं, "मालक, तुमच्या हाताला लय गुण हाय." यजमान हसायचे आणि पडद्याकडे बघायचे. ते खरं सांगायला केव्हाही तयार होते. मीच नको म्हणायचे, कारण बाईने दुरुस्त केलेला सेट म्हटलं की लोकांना नसलेली खरखर ऐकू येते.

यजमान गेले आणि पडद्यापुढच्या खुर्चीत माझे दीर येऊन बसले. त्यांना साधा फ्यूज बदलता येत नव्हता, पण मिशा होत्या, आणि मोंढ्यात तेवढ्यावर भागतं. दुकान मोडून जागा खत-बियाण्याच्या एजन्सीला द्यायची असं त्यांनी मनात धरलं होतं. रोज जेवताना तोच विषय. "वहिनी, बाईमाणसाकडं टीव्ही कोण आणणार? खामखा हट्ट धरू नका." मी ताटात बघून जेवायचे, पण घास गिळताना मनातल्या मनात त्यांना पडद्यामागच्या खुर्चीत बसवून हातात तापलेली इस्त्री द्यायचे. इस्त्री म्हणजे डाग द्यायची. आमच्या दुकानात सोल्डरिंगच्या हत्याराला तेच नाव होतं.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून सगळा मराठवाडा धुमसत होता. आज या बाजूचा मोर्चा, उद्या त्या बाजूचा बंद, आणि बंद म्हटलं की मोंढ्यातली शटरं धडाधड खाली. कुठल्या गावात कुणाची घरं जळाली ते लोक मी दुरुस्त केलेल्या रेडिओवर ऐकायचे आणि ऐकता ऐकता चहा मागवायचे. मला त्या चहाचा फार राग यायचा. भीमनगरातल्या बायका मात्र सेट घेऊन आल्या की दिरांकडे न बघता सरळ पडदा सारून आत यायच्या. काम कोण करतं ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

त्याच पावसाळ्यात जिनिंगवाल्या शेठच्या मुलाने परदेशातून एक बोट आणली. हातभर लांब, लाल रंगाची, बॅटरीवर पळणारी. काठावर उभं राहून हातातल्या रिमोटने चालवायची. जिनिंगच्या मागे आग विझवायला पाणी साठवलेलं मोठं तळं होतं. रविवारी तो त्यात ती सोडायचा आणि निम्मं सेलू बघायला जमायचं. मीही एकदा सासूबाईंबरोबर गेले होते. सुसाट आवाज करत ती नाक वर काढून पळाली तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला. मला ती हवी होती असं नव्हे. तिच्या आत काय आहे ते मला बघायचं होतं.

काही दिवसांनी ती बंद पडली आणि शेठचा मुलगा ती कापडात गुंडाळून आमच्या दुकानात आला. दीर नेमके बाहेर गेले होते.

"भाऊ नाहीत का?" त्याने विचारलं.

"नाहीत. आणा, मी बघते."

त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोट परत छातीशी धरली. "राहू द्या ताई. नाजूक काम आहे. मुंबईलाच पाठवतो."

केसाएवढी तार श्वास रोखून जोडणाऱ्या मला हा नाजूक काम म्हणजे काय ते सांगत होता. माझं डोकं असं फिरलं की पदर सारखा करायचंही भान राहिलं नाही. मी पडद्याबाहेर आले, पायरीवर उभी राहिले आणि समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खुशाल पाठवा मुंबईला. ती परत येईस्तोवर मी माझी बांधते, आणि तुमच्याच तळ्यात तुमच्या बोटीबरोबर पळवते."

गाड्यावर हशा पिकला. तेवढ्यात दीर आले. काय झालं ते त्यांना चौघांनी एकदम सांगितलं. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि तिथेच, भर मोंढ्यात, त्यांनी पैज लावून टाकली. "दसऱ्याला जिनिंगचा मुहूर्त हाय. त्या दिवशी वहिनीची बोट पुढं गेली तर दुकानाचा विषय पुन्यांदा काढणार न्हाई. मागं राहिली तर किल्ली माझ्या हातात. मंजूर?" सगळे ओरडले, "मंजूर!" मला कुणी विचारलं नाही. मी हो म्हटलं नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्यावरून पुष्कळ बोलणी झाली.

बंदच्या दिवसांनी मला वेळ दिला. बाहेर घोषणा चालू असायच्या आणि मी शटर आतून ओढून, पिवळ्या बल्बखाली बोट बांधत बसायचे. आखातातून आलेल्या एका गिऱ्हाइकाने रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटारगाडी दुरुस्तीला टाकली होती आणि तो पुन्हा फिरकलाच नव्हता. तिच्यातून रिमोट, त्याचा संदेश झेलणारी पट्टी आणि आतली मोटर असं सगळं मिळालं. चार्ज होणारे सेल थोडे त्या गाडीतले, थोडे इमर्जन्सी दिव्यातले. सांगाडा चहाच्या खोक्याच्या पातळ प्लायचा. त्यात वितळलेलं मेण मुरवलं आणि वरून ऑइलपेंट दिला, हिरवा, कारण घरात तोच उरला होता. मोटरीवरून बोटीमागचा पंखा फिरवणाऱ्या दांड्याला सायकलची तार. ती तार फिरण्यासाठी नळी लागते, ती निघाली तुटक्या रेडिओच्या एरियलमधून. पाणी आत येऊ नये म्हणून नळीत घट्ट ग्रीस भरलं. आणि झेलणारी पट्टी भिजू नये म्हणून ती जत्रेतल्या फुग्यात घालून तोंड दोऱ्याने बांधलं.

पंख्याला पितळ हवं होतं. माझ्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण चांगलं जाड पितळेचं होतं. करंडा कपाटात मागे सारून ठेवला होता, कारण आता तो मी उघडायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मी कातर घेतली आणि त्या झाकणाचा दोन पात्यांचा पंखा कापला. कापताना माझा हात कापला नाही, मन तर अजिबात नाही. यजमान असते तर पाती कुठल्या बाजूला वळवायची यावरून आमचं भांडण झालं असतं, एवढंच वाटलं आणि डोळे भरून आले.

मोटर मात्र मंद होती. मी ती उघडली, आतली तार काढली आणि जाड तारेचे कमी वेढे भरले. वेढे कमी केले की मोटर वेग घेते आणि तापतेही. मला दोन्ही माहीत होतं. मी वेग निवडला.

महालक्ष्म्यांना मी माहेरी बोरीला गेले. सवाष्णींच्या हळदीकुंकवात मला काम नव्हतं, म्हणून मी बोट पिशवीत घातली आणि दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, घेऊन शेताजवळच्या पाझर तलावावर गेले. तलाव काठोकाठ होता. बोट पाण्यात सोडली, रिमोटचा खटका दाबला, आणि ती डुकराने जमीन उकरावी तशी नाकाने पाणी उकरत निघाली. पुढून पाण्याचा ढीग आणि वेग म्हशीचा. दादा धोतर खोचून पाण्यात उतरले आणि तिला घेऊन आले. त्यांनी तिच्याकडे गाडी भरणाऱ्याच्या नजरेने पाहिलं.

"म्होरं वजन कमी पडायलंय," ते म्हणाले. "जरा धुरजड कर."

आमच्याकडे गाडी भरायची रीत पोरांच्या अंगात चालण्याआधी मुरते. कापूस असो, कडबा असो, ओझं किंचित पुढे, बैलांच्या मानेकडे ठेवायचं. ती धुरजड गाडी. ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. उलाळ गाडी भरणाऱ्याला गावात अक्कल काढून हातात देतात. मी त्याच घरची लेक. सेलूत बोट बांधताना सगळ्यात जड वस्तू, म्हणजे सेलांचा जुडगा, मी कसलाही विचार न करता नाकाशी बसवला होता, आणि जाड तारांनी तिथेच पक्का डाग देऊन टाकला होता. आता दादांच्या सांगण्यावरून नाकात वर आणखी एक दगड ठेवला. बोट या वेळी निघाली ती थेट पाण्याखालीच गेली. फुगा होता म्हणून पट्टी वाचली.

मी दगड तलावात भिरकावला, दोष मोटरीला दिला आणि सेलूला परत येऊन वेढे आणखी कमी केले. दसरा जवळ येत होता. शेठच्या मुलाची बोट मुंबईहून दुरुस्त होऊन आल्याची बातमी दिरांनी मला जेवताना वाढली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, आणि एकदा पुजली की दसरा उलटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. पाना नाही, पक्कड नाही, काही नाही. आमचं घर लिंगायतांचं, म्हणून कुंकवाआधी भस्म. दिरांनी आयुष्यात कधी न धरलेल्या माझ्या इस्त्रीवर भस्माचे तीन पट्टे ओढले, मीटरला झेंडूची माळ घातली आणि हात जोडले. विधवेने पूजेत पुढे यायचं नाही म्हणून मी पडद्याशी उभी होते. पूजा करून ते जेवायला घरी गेले.

मी दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. मोंढ्यात समोरच कुणीतरी बैल सोडले होते आणि रिकामी गाडी मागे कलंडून उभी होती, जू आभाळात. रोज अशा गाड्या बघतो आपण. त्या दिवशी मी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग मला शेठच्या मुलाची लाल बोट आठवली. नाक वर काढून पळणारी. ते नाक म्हणजे मला आजवर तिचा तोरा वाटला होता. तोरा कसला! तिचं वजनच मागे होतं. बोटीला ओढायला बैल नव्हते, तिला पंखा मागून ढकलत होता, मग कुणाच्या मानेची काळजी म्हणून मी ओझं पुढे भरलं होतं? बोट उलाळच भरायची असते. मी पायरीवर एकटीच मोठ्याने हसले.

पण सेल मागे न्यायचे म्हणजे डाग सोडवायचे, तारा बदलायच्या आणि पुन्हा डाग द्यायचे. आणि इस्त्री पाटावर होती, फुलांखाली.

मी आत गेले, फुलं बाजूला केली आणि इस्त्री उचलली. वळले तर दारात सासूबाई. त्यांना मी मामी म्हणायचे. त्या दिरांबरोबर घरी निघाल्या होत्या, पण वाटेतूनच परत आल्या होत्या.

"पुजलेल्या हत्याराला हात लावायलीस?"

"मामी, हत्यार माझं हाय. त्याची पूजा मी रोज करते, भावजींनी आज केली."

"उद्या काय इपरीत झालं तर?"

"तर माझ्या माथी."

त्या गळ्यातल्या लिंगाला हात लावून उभ्या राहिल्या. इस्त्री तापली, तिच्यावरचं भस्म काळं पडलं, दुकानात जळक्या झेंडूचा वास सुटला. मी जुने डाग सोडवले आणि सेल मागे सरकवले.  मग मामी पायरीवर जाऊन दाराला पाठ लावून बसल्या, अशा की कुणाला आत यायचं असतं तर त्यांना ओलांडूनच यावं लागलं असतं.

डाग देऊन झाले तेव्हा त्या तिकडे तोंड करूनच म्हणाल्या, "आणि हरलीस तर?"

हरले तर काय करायचं ते मी पक्कं ठरवलं होतं. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कमरेची पिशवी सोडली आणि त्यासाठी लागणारे पैसे माझ्या हातावर ठेवले.

दसऱ्याला जिनिंगच्या आवारात मुंगी शिरायला जागा नव्हती. नारळ फुटला, यंत्रं सुरू झाली आणि रुईचे तंतू सगळ्यांच्या डोक्यांवर तरंगायला लागले. तळ्यावर पहिली गंमत अशी झाली की शेठच्या मुलाने आपला रिमोट चालू केला आणि माझी बोट वळवळली. दोन्ही रिमोट एकाच लहरीवरचे. तो गोंधळला. मी म्हटलं, "एक-एक करून सोडू, घड्याळ लावा." तो पहिल्यांदाच माझ्याशी माणसासारखा बोलला, "हो, तसंच करावं लागेल." वजनकाट्यावरच्या माणसाच्या हातात घड्याळ दिलं.

आधी लाल बोट गेली. सुरेख गेली, पलीकडच्या भिंतीला लागली, टाळ्या पडल्या. मग मी माझी हिरवी पाण्यात ठेवली. मागून इतकी खाली बसली होती की कुणीतरी ओरडलं, "वहिनी, उलाळ झाली की वो!" मी खटका दाबला.

ती उठली. नाक वर, पोट पाण्यावेगळं, मागे पांढरी रेघ. जवळजवळ पाण्याला न शिवता ती पळाली, लाल बोटीपेक्षा किती जोरात ते सांगायला घड्याळ लागत नव्हतं. गर्दीतून आवाज निघाला तो टाळ्यांचा नव्हता, नुसता "आऽऽ" असा होता. चहाच्या गाड्यावर हसलेली सगळी तोंडं उघडी राहिली होती. माझ्या नवऱ्याने हे बघायला हवं होतं, एवढं एकच माझ्या मनात आलं आणि मी खटका आणखी दाबला.

भिंत चार हात राहिली असताना बोटीतून धूर निघाला. आवाज बसला. ती थांबली, थोडी पुढे सरकली आणि भिंतीला न लागता तिथेच डुलत राहिली. वेढे मी फार कमी केले होते, मोटर जळली.

मला रडू आलं नाही.  दीर पुढे आले. "पुजलेलं हत्यार वापरलं. दुकानात वास येत व्हता. देवाला सोसलं न्हाई."

"देवाचा त्यात काही संबंध नाही," मी म्हणाले. "तार मी भरली, जळलीही माझ्यामुळे."

"मग किल्ली?"

मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. इतक्या सहज मिळाली म्हणून ते जरा चकितच झाले. खिशातून त्यांनी आपट्याची पानं काढली आणि मोठ्या मनाने मला दिली. "सोनं घ्या, वहिनी." मी घेतलं, वाकून नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एजन्सीवाल्याला जागा दाखवायला घेऊन आले. मी आणि मामी पोचलो तेव्हा ते शटरपुढे उकिडवे बसून किल्ली कुलपात खुपसत होते. किल्ली आत जाईना. भोवती चहाच्या गाड्यावरची मंडळी गोळा झाली होती. किल्ली खोटी नव्हती. ती ज्या कुलपाची होती ते कुलूप घरी कोनाड्यात पडलं होतं. शटरवरचं कुलूप मी दसऱ्याच्या सकाळी, शर्यतीला निघण्याआधी, मामींनी दिलेल्या पैशांतून नवं लावलं होतं.

"हे काय वहिनी? पैज ठरली व्हती!"

"तू लावलीस," मामी म्हणाल्या. "तिला इचारलं व्हतं का कुणी? मला इचारलं व्हतं का? दुकान माझ्या थोरल्याचं. त्याच्या माघारी हिचं." आणि त्यांनी आपल्या कमरेच्या पिशवीतून नव्या कुलपाची किल्ली काढून माझ्याकडे दिली.

मी शटर वर केलं. आत जाऊन आधी स्टूल घेतलं, वर चढले आणि पडदा दांडीसकट खाली ओढला. पुढची खुर्ची पुसली आणि तिच्यात बसले. एजन्सीवाला केव्हा गेला ते मी पाहिलं नाही. दीर मात्र बराच वेळ पायरीशी उभे होते, आणि त्यांच्या बाजूने भीमनगरातली एक बाई टेप घेऊन वर आली. सवयीने ती पडदा सारायला गेली आणि तिचा हात हवेत राहिला.

"कुठं गेला वो पडदा?"

"इथं हाय," मी म्हणाले, आणि त्याचा एक तुकडा टरकन फाडून तिच्या टेपवरची धूळ पुसली. त्या पडद्याची फडकी मला पुढे कित्येक वर्षं पुरली.